डिझाईन फ्री, डिझायनर पण?

कोडोलीत शिरलं की माणसांच्या आधी चेहरे भेटतात. वाढदिवसाचे, निवडीचे, पोलीस भरतीत लागलेल्यांचे, मैदान मारलेल्या पैलवानांचे, आणि मधूनच एखादा काळ्या-पांढऱ्या रंगातला, भावपूर्ण श्रद्धांजलीचा. गॉगल लावलेला दादा, मागे सूर्याची किरणं, वरच्या ओळीत गोल चौकटीतले नेते आणि खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट साईझ फौज. आपण कॉलेजवाले यावर रील बनवतो, हसतो, पुढे जातो. शुभेच्छुक साठ असतात, फोटोसकट. रात्री एक वाजेपर्यंत बसून त्या साठ जणांचं बॅकग्राऊंड कापणाऱ्याचं नाव मात्र कुठंच नसतं.

‘एआय आणि ग्राफिक डिझायनर’ असा विषय मला या पानासाठी मिळाला तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं ते पुण्या-मुंबईतलं काचेचं ऑफिस, बीन बॅग आणि मॅकबुक. पण माझं आजोळ कोडोली. तिथला मामाचा मुलगा नऊ वर्षं फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर आहे. त्याच्या ओळखीनं कोडोली-वारणानगर पट्ट्यातल्या तीन-चार दुकानांत जाऊन बसले. सगळ्यांची अट एकच होती, नाव छापायचं नाही. एकानं कारणही सांगितलं, “मालक पेपर वाचतोय गं.” म्हणून या लेखात कुणाचंच नाव नाही. त्यांच्या कामावरही नाव नसतंच म्हणा.

आता तुम्ही म्हणाल, फ्लेक्सवाला काय ग्राफिक डिझायनर? हा प्रश्न मलाही एका मैत्रिणीनं विचारला, आणि ती अप्लाइड आर्टला आहे. त्यावर माझं उत्तर सरळ आहे. आपल्या जिल्ह्यात ‘ग्राफिक डिझाईन’ करून पोट भरणाऱ्यांतले कितीतरी जण लोगो आणि ॲप डिझाईन करत नाहीत. ते लग्नपत्रिका, फ्लेक्स, दुकानाची पाटी, दूध डेअरीचं कॅलेंडर आणि बचतगटाच्या मसाल्याचं लेबल करतात. एआयचा फटका बसायचा तर तो यांनाही बसणार, आणि यांच्याबद्दल लिंक्डइनवर पोस्ट पडणार नाहीत.

पडदा, पोस्टर, पाटी

कोल्हापूर आणि चित्र हे नातं जुनं आहे. बाबूराव मेस्त्री यांना सगळं जग बाबूराव पेंटर म्हणून ओळखतं. धंदाच आडनाव झाला. ते (१८९०-१९५४) आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगवायचे. पुढं बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणला आणि आपल्या सिनेमांची पोस्टरंही स्वतः रंगवली. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं १९२४ चं पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या सगळ्यांत जुन्या भारतीय सिनेमा पोस्टरांपैकी एक मानलं जातं. दामले आणि फत्तेलाल यांची जोडीही आधी चित्रकार, मग सिनेमावाले. १९२९ मध्ये त्यांनी व्ही. शांताराम वगैरेंसोबत इथं कोल्हापुरातच ‘प्रभात’ सुरू केली. म्हणजे नवं यंत्र आलं म्हणून हात गुंडाळून बसलेली ही मंडळी नव्हती. कॅमेरा आला, तर बाबूरावांनी स्वतःचा कॅमेरा बनवायला घेतला.

पण ही गोष्ट एवढीच सांगितली तर ती फारच गोड होते. कारण त्यानंतर गावोगावी जे पाटी रंगवणारे पेंटर होते, चुन्याच्या भिंतीवर खडूनं रेघ मारून ‘येथे पोस्टर लावू नये’ पासून ‘फवारणीसाठी हेच वापरा’ पर्यंत सगळं लिहिणारे, त्यांच्यापैकी किती जणांनी कॅमेरा बनवला? फ्लेक्सचं मशिन आलं आणि दोन-चार वर्षांत कापडी बॅनर आणि ब्रश बाजूला पडले. काही जण शाळेच्या भिंतींवर बोधवाक्यं रंगवत राहिले, काही रिक्षा-ट्रकच्या मागं लिहीत राहिले. बाकीच्यांनी शेती धरली किंवा कारखान्यात लागले. आज ज्या पोराला एआयची भीती वाटतेय, तोच वीस वर्षांपूर्वी पेंटरकाकांच्या पोटावर आलेला होता. मामेभाऊ हे स्वतःच बोलून गेला, आणि मग बराच वेळ काही बोलला नाही.

तंत्रज्ञान येतं आणि आपल्यालाच मागं सारून पुढं जातं, याचा वारणा खोऱ्याला दुसराही एक अनुभव आहे. १९९८ मध्ये वारणा परिसरातल्या ७० गावांत केंद्र सरकारच्या एनआयसीच्या मदतीनं ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकाराच्या जाळ्यावर संगणकाची केंद्रं बसवली. ऊस उत्पादकाला उसाचं वजन, तोडीची माहिती गावातच मिळायची. तेव्हा कोल्हापुरातल्या कितीतरी कॉलेजांतही इंटरनेट नसेल. पुढं मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी इथं येऊन पाहिलं तर त्या संगणकांवर प्रामुख्यानं उसाचाच व्यवहार चालू होता. ते काम साध्या मोबाईलच्या एसएमएसवर भागतं हे त्यांनी काही गावांत करून दाखवलं. त्या प्रयोगाचं नाव होतं ‘वारणा अनवायर्ड’. सगळ्या देशानं कौतुक केलेला संगणक दहा वर्षांच्या आत साध्या फोनपुढं महाग ठरला. कोडोलीच्या माणसाला ‘डिसरप्शन’ हा शब्द शिकवायला स्टार्टअपवाल्यांनी येऊ नये.

‘मॅटर पाठवलंय, करून दे की भावा’

दुकानाचं चित्र असं. पुढं काऊंटर, दोन संगणक, एकावर कोरलड्रॉ, दुसऱ्यावर फोटोशॉप. मागच्या खोलीत मशिन, त्याच्या शाईचा उग्र वास, आणि जमिनीवर फ्लेक्स पसरून कडा चिकटवणारा, आयलेट मारणारा पोरगा. डिझायनर हा कागदावर डिझायनर. प्रत्यक्षात तो फोन घेतो, मॅटर टाईप करतो, प्रिंट सोडतो, पैसे घेतो, लाईट गेली तर जनरेटरही तोच चालू करतो.

काम येतं व्हॉट्सॲपवर. गिऱ्हाईक हातानं लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठवतं, सोबत तीस चेहरे, त्यातले दहा स्क्रीनशॉट आणि दोन उलटे. मग व्हॉइस नोट: “मॅटर पाठवलंय, संध्याकाळी लावायचाय, करून दे की भावा.” मग प्रूफ जातं. मग ‘अण्णांचा फोटो जरा मोठा’, ‘आबांचं नाव राहिलं’, ‘कलर जरा उठावदार’. फाईलची नावं ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल ओके’, ‘शेवटचं फायनल’ अशी वाढत जातात. ही गंमत नाही, मी एका फोल्डरमध्ये ‘आता बास फायनल’ पण पाहिलं.

यात एआय कधी घुसलं? सगळ्यांच्या आठवणीत मार्च २०२५ ठळक आहे. चॅटजीपीटीत चित्र काढायची नवी सोय आली आणि अख्खा देश स्वतःचे जिब्ली स्टाईल फोटो डीपीला लावून मोकळा झाला. त्याआधी मिडजर्नी, स्टेबल डिफ्युजन २०२२ पासून होतेच, फोटोशॉपमध्ये ‘जनरेटिव्ह फिल’ २०२३ मध्ये आलं होतं. पण ते डिझायनरला माहीत होतं, गिऱ्हाइकाला नाही. जिब्लीनंतर ते गिऱ्हाइकाला माहीत झालं. त्याच वर्षी सप्टेंबरात जेमिनीच्या ‘नॅनो बनाना’वर साडीतले फोटो आले तेव्हा तर घरातल्या काकू-मावश्याही प्रॉम्प्ट कॉपी-पेस्ट करत होत्या. बदल झाला तो इथं. आता गिऱ्हाईक कोरा कागद घेऊन येत नाही, मोबाईलमध्ये तयार चित्र घेऊन येतं आणि म्हणतं, “डिझाईन झालंय, तू फक्त नावं टाक. आणि डिझाईन मीच केलंय, तवा पैसे कमी घे.”

आता त्या ‘झालेल्या डिझाईन’ची गोष्ट ऐका, कारण कॉलेजात हे कुणी सांगत नाही. मोबाईलवर चकाचक दिसणारं ते चित्र बऱ्याचदा साधारण १०२४ पिक्सेल रुंद असतं. बॅनर असतो दहा फुटी, म्हणजे १२० इंच. भागाकार करा, इंचाला साडेआठ पिक्सेल. त्या रस्त्याकडेच्या फ्लेक्सला इंचाला ७२ धरले तरी साडेआठ हजारांच्या वर पिक्सेल लागतात. तसंच छापलं तर दादाच्या चेहऱ्यावर विटांचं बांधकाम दिसतं. मग ते चित्र मोठं करणारं दुसरं टूल लावा, बोटं मोजा, कारण हाताला सहा बोटं असू शकतात, स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा शाईत मळकट होतो तो सांभाळा, चित्रातच भाजून निघालेली अक्षरं पुसा आणि नव्यानं लिहा. गिऱ्हाइकाच्या हिशेबात हे सगळं ‘फक्त नावं टाक’.

मराठीनं वाचवलं, थोडे दिवस

सुरुवातीला एआयला मराठी लिहिता येत नव्हतं. ‘शुभेच्छा’चा ‘च्छ’ म्हणजे कोळ्याचं जाळं, रफार कुठंतरी हवेत, वेलांटी भलत्याच अक्षराला. कारण ही मॉडेलं अक्षर ‘लिहीत’ नव्हती, अक्षरासारखा आकार काढत होती. इंग्रजीची २६ अक्षरं एकापुढं एक ठेवली की काम झालं. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते, दिसते आधी. दोन-तीन व्यंजनं मिळून तिसराच आकार होतो. संगणकाला हे नीट शिकवायला माणसांनी वर्षं घातली आहेत. विंडोजमध्ये आपण जो ‘मंगल’ फॉन्ट वर्षानुवर्षं पाहिला तो सुलेखनकार र. कृ. जोशींनी घडवला होता. ‘मुक्त’, ‘बलू’ हे मोफत मिळणारे फॉन्ट मुंबईच्या एक टाईप या गटानं केले. आणि आपल्या डीटीपीवाल्यांचा संसार ज्यावर उभा राहिला ते श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं.

आता इथं एक किचकट गोष्ट आहे. दुकानांतली जुनी फाईल श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असते. व्हॉट्सॲपवर येणारं मॅटर असतं युनिकोडमध्ये. एकातून दुसऱ्यात टाकलं की अक्षरांचा भुगा होतो, मग कन्व्हर्टर लावा, तरी ‘र्‍या’ आणि ‘क्ष’ तपासा. या भानगडीमुळं मराठी डिझायनरचं काम पटकन कुणाला हिसकावता आलं नाही. त्यांना वर्षानुवर्षं छळणारीच गोष्ट त्यांची ढाल झाली होती.

‘होती’ म्हणतेय, कारण नवी मॉडेलं बऱ्यापैकी शुद्ध मराठी लिहायला लागलीयत. छोट्या ओळी तर नीट येतात. लांब मजकुरात अजून गडबडतात, आणि गडबड अशी की पटकन दिसत नाही. पूर्वी चूक ओरडून सांगायची, आता चूक शुद्ध अक्षरांत लपते. आडनावात एक काना कमी पडला आणि फ्लेक्स छापून गेला तर तो फुकट परत छापायचा, आणि एका दुकानात तर तो खर्च डिझायनरच्या पगारातून कापला जातो असं मला सांगितलं गेलं. चूक मशिनची, दंड माणसाला.

एक गोष्ट मात्र कुठलंही मॉडेल अजून शिकलेलं नाही, ती म्हणजे कोडोलीतलं राजकारण. कुणाचा फोटो कुणाच्या वर, कुणाचा कुणापेक्षा बोटभर लहान, कोण दोघं एका ओळीत चालत नाहीत, कोण मागच्या महिन्यात गट बदलून बसलाय. छत्रपतींच्या प्रतिमेची जागा कुठली. खालच्या रांगेतल्या कुणाचं डोकं कुणाच्या पायाशी येतंय. हे चुकलं तर नुसता फ्लेक्स फाटत नाही, दुकानावर माणसं येतात. मामेभाऊ याला ‘सेटिंग’ म्हणतो. मी याला ‘डोमेन नॉलेज’ म्हणेन, म्हणजे बायोडेटात लिहिता येईल.

आजीची नथ

सगळ्यात जास्त वेळ मी एका श्रद्धांजलीच्या कामापाशी बसले. एक मुलगा आजीचा फोटो घेऊन आला होता. आजीचा एकटीचा फोटोच नाही. पूर्वी लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा काढायचा, मागच्या माणसाचा खांदा पुसायचा, डोक्यावरचा पदर क्लोन करून पुरा करायचा, यात दोन-तीन तास जायचे. डिझायनर लोकांना हे काम आवडतं, असं मला त्यांच्या बोलण्यातून जाणवलं. इथं गिऱ्हाईक घाई करत नाही, रंग उठावदार करा म्हणत नाही. आणि झाल्यावर काहीजण त्या फोटोकडं बघून रडतात.

आता तोच फोटो एआयवर टाकला. चाळीस सेकंदांत आजी लख्ख समोर. सुरकुत्या मऊ, डोळ्यांत चमक, मागं छान धूसर बॅकग्राऊंड. मुलगा बघत राहिला. मग म्हणाला, “दादा, छान आहे. पण ही आज्जी नव्हं.” नाक थोडं सरळ झालं होतं. कपाळावरचं गोंदण गेलं होतं. आणि नथ आली होती. आजी विधवा होती. तिनं कितीतरी वर्षांत नथ घातली नव्हती. मशिननं नऊवारीतली म्हातारी बाई पाहिली आणि अशा बाईला नथ असते असं गृहीत धरलं.

डिझायनरनं मग जुन्या पद्धतीनं बसून चेहरा मूळ फोटोतला ठेवला, फक्त पदर आणि बॅकग्राऊंड एआयचं घेतलं. तास लागला. तीन तासांचं काम एका तासात, हा फायदा खराच, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्या तासाचे पैसे? मालकानं बिल केलं ते फ्लेक्सच्या फुटांवर.

बिलात न दिसणारी ओळ

मला वाटतं सगळी मेख इथं आहे. फ्लेक्सचा दर असतो स्क्वेअर फुटाला. दहा बाय आठचा बॅनर म्हणजे ८० फूट, फुटाला समजा १५ रुपये, झाले १२०० रुपये. यात डिझाईन ‘फ्री’. ही स्कीम नाही, धंद्याची रीतच आहे. पत्रिकेचंही तसंच, हजार पत्रिका छापल्या की डिझाईन त्यात आलं. म्हणजे एआयनं डिझाईनची किंमत शून्य केली असं आपण म्हणतो, पण आपल्याकडं ती बिलावर आधीपासूनच शून्य होती. जे कधी विकलंच नाही, ते महाग आहे हे गिऱ्हाइकाला आता कुठल्या तोंडानं सांगणार?

मग डिझायनरला पैसे कशाचे मिळतात? वेळेचे. तो वेळ किती स्वस्त आहे ते काढून बघा. समजा महिन्याला १२ हजार पगार, सव्वीस दिवस, रोजचे अकरा तास. तासाला ४२ रुपये पडतात. लग्नसराई, गणपती, जोतिबाची चैत्र यात्रा आणि निवडणुका आल्या की अकराचे पंधरा होतात, आणि त्याला ओव्हरटाईम म्हणत नाहीत, ‘सीझन’ म्हणतात. सीझनला वडापाव आणि चहा मालकाकडून.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा कामाचे तास, सुट्टी, ओव्हरटाईमला दुप्पट मजुरी असं बरंच काही देतो, पण तो लिहिला होता दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणांसाठी. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ही मर्यादा वीसवर न्यायला मंजुरी दिली. तीन माणसांचं दुकान दोन्हींच्या खालीच. किमान वेतनाला मात्र अशी माणसांच्या संख्येची अट नाही, तीन माणसांच्या दुकानालाही ते लागू. हे मी सांगितल्यावर एकानं विचारलं, “आणि मागायचं कुणाकडं? मालक माझा चुलता आहे.”

खरंय. मालकही फार मोठा माणूस नाही. मशिनचा हप्ता आहे, पलीकडच्या गल्लीत फुटाला रुपयानं कमी घेणारा बसलाय, उधारीची वही जाड झालीय आणि निवडणुकीतल्या पुढाऱ्याकडून वसुली हे वेगळंच प्रकरण. पण म्हणून प्रश्न संपत नाही. एआयमुळं तीन तासांचं काम तासात झालं, तर वाचलेले दोन तास कुणाचे? मी पाहिलं त्या दुकानांत ते डिझायनरला मिळालेले नाहीत. एका ठिकाणी पूर्वी दोघे होते, आता एकटाच दोघांचं करतो. दुसऱ्या ठिकाणी प्रूफ अर्ध्या तासात द्यायचा नियम झालाय. आणि गंमत बघा, एआयनं घेतलं काय? कल्पना सुचवणं, चित्र काढणं, रंग जुळवणं, म्हणजे ज्यासाठी ही पोरं या धंद्यात आली ते. ठेवलं काय? मॅटर टाईप करणं, साठ चेहरे कापणं, ‘अण्णांचा फोटो मोठा’ आणि फायनल सात. मी मशिन बनवलं असतं तर उलटं वाटप केलं असतं.

निवडणुकीच्या कामात आणखी एक भानगड. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क प्रमाणं लोकसभा-विधानसभेच्या प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावा लागतो. शिवाय जानेवारी २०२५ मध्ये निवडणूक आयोगानं पक्षांना एआयनं बनवलेल्या प्रचारसाहित्यावर तसं लेबल लावायला सांगितलं. उमेदवार म्हणतो, दाढी काळी कर, पोट कमी कर, मागं गर्दी वाढव. गर्दी वाढवणारा कोण, तर हाच. लेबल लाव म्हणून उमेदवाराला सांगायची छाती कुणाची?

बाहेरचं जग आणि आपला वर्ग

जगात काय चाललंय तेही थोडक्यात. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या २०२५ च्या ‘फ्युचर ऑफ जॉब्ज’ अहवालात ग्राफिक डिझायनर हे झपाट्यानं घटणाऱ्या कामांच्या यादीत आले. दोनच वर्षांपूर्वीच्या अहवालात ते वाढणाऱ्यांत होते. एका मोठ्या ऑनलाईन फ्रीलान्स बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना दिसलं की चित्रं बनवणारी एआय टूल्स आल्यावर ग्राफिक डिझाईन आणि थ्रीडीच्या कामांच्या जाहिराती सुमारे १७ टक्क्यांनी घटल्या. अमेरिकेत सारा अँडरसन, केली मॅककर्नन, कार्ला ऑर्टिझ हे तिघे चित्रकार जानेवारी २०२३ मध्येच कोर्टात गेले, आमची चित्रं न विचारता मशिनला खाऊ घातली म्हणून. हॉलिवूडच्या लेखकांनी त्याच वर्षी १४८ दिवस संप करून करारात एआयबद्दल अटी घालून घेतल्या. त्यांच्याकडं युनियन होती. फ्लेक्सच्या दुकानांतल्या पोरांकडं एकमेकांचे नंबर आहेत, पण ते रेडीमेड पीएसडी फाईली पाठवायला.

चोरीचा विषय मी काढला तेव्हा सगळे हसले. कारण कोरलड्रॉ कुठून आलं, बॅकग्राऊंड कुठून आलं, नेत्याच्या मागचा सिंह कुठून आला, हे कुणी कुणाला विचारत नाही. गुगलवरून उचललेल्या सिंहावर पोट भरणाऱ्यानं एआयला चोर म्हणायचं कसं, असा तो पेच. मला तरी हे दोन एका मापात मोजणं पटत नाही. एक माणूस सिंह उचलतो आणि एक कंपनी जगातले सगळे सिंह उचलून सबस्क्रिप्शनवर परत विकते, यात फरक आहेच.

कोल्हापुरात दळवीज् आर्ट इन्स्टिट्यूट, कलानिकेतन अशा जुन्या कला संस्था आहेत. तिथं शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणी अक्षरलेखनाचे तास तक्रार करत करत भरतात. या तीन-चार दिवसांनंतर मी त्यांना सांगितलं, तो तास चुकवू नका. बाकी सगळं प्रॉम्प्टवर येतंय. अक्षर चुकलंय हे ओळखणारा डोळा मात्र विकत मिळत नाही. आणि मराठी टाईप करायला शिका, युनिकोड काय ते समजून घ्या, छपाईच्या मशिनपाशी दोन दिवस उभ्या राहा. जर्नालिझमवाल्यांनीही, म्हणजे आम्हीसुद्धा. हे पान तुमच्या हातात आलंय ते कुणीतरी रात्री लावलंय. बायलाईन माझी आहे.

मामेभावानं तीन महिन्यांपूर्वी एक प्रयोग सुरू केलाय. काऊंटरवर कागद चिकटवला: ‘डिझाईन चार्ज वेगळा. दोन वेळा बदल फ्री, पुढच्या प्रत्येक बदलाला ५० रुपये.’ त्यातले निम्मे डिझायनरचे, निम्मे दुकानाचे, असं चुलत्याशी ठरलंय, तोंडी. पहिल्या आठवड्यात दोन जुनी गिऱ्हाईकं भांडून पलीकडच्या गल्लीत गेली. एक परत आलं, कारण तिकडं आमदारांच्या नावातला रफार गेला होता. आता तो कागदाचा फ्लेक्स करून लावणार आहे म्हणतो, तीन बाय दोनचा. त्याचं डिझाईन एआयला सांगून बघितलं, नाही आवडलं. स्वतःच करायलाय.